कप कोणाचा, नाव कोणाचं?

तुमच्या घरात तुमचा स्वतःचा असा एक कप आहे का? सकाळी डोळे नीट उघडायच्या आधी हात ज्याच्याकडे जातो, तो? घरातल्या दुसऱ्या कोणी त्यातून चहा प्यायला तर आपण "असू दे, असू दे" म्हणतो, पण मन दिवसभर कुरकुरत राहतं, तो?

माझ्याकडे असा एक स्टीलचा टंबलर जवळजवळ पाच वर्षं होता. अडचण एवढीच होती, की तो माझा नव्हता. तो परत द्यायला मी 2025च्या जानेवारीत सांगलीहून तमिळनाडूतल्या कुंभकोणमला गेले. तिथे गेल्यावर कळलं, की ज्यांचा म्हणून मी तो परत करत होते, त्यांचाही तो नव्हता!

हॉस्टेलमधली पहिली सकाळ

2017 साली मी बी.ए. इंग्लिशसाठी पुण्यात आले. हॉस्टेलच्या खोलीत माझ्या आधीच एक मुलगी येऊन बसली होती. (लेखात तिचं नाव लिहायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. म्हणून इथे ती फक्त 'मैत्रीण'.) कुंभकोणमची आहे म्हटल्यावर मी जमेल तेवढं इंग्रजी गोळा करून बोलायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मराठीत बोललीस तरी चालेल. आमच्या घरी मराठीच बोलतात."

मराठीच होती ती, पण वेगळी. चाल तमिळ, आणि मधूनच एखादा शब्द थेट माझ्या पणजीच्या तोंडचा.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1670च्या दशकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ते राज्य 1855पर्यंत टिकलं, एवढं मला ठाऊक होतं. त्या राज्याच्या आधाराने दक्षिणेत गेलेली माणसं तिथेच राहिली, आणि घरात मराठी, दारात तमिळ असा संसार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमलाच, अशाच एका मराठी घरात जन्मले. मैत्रिणीला दिवाणसाहेबांचं फारसं कौतुक नव्हतं. तिच्या मते मराठी माणसांनी त्या मुलखाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे रसवांगी! 'रस' आणि 'वांगी', दोन्ही शब्द आपलेच. आज ही डाळ-खोबरं घातलेली दाटसर भाजी तमिळ घरांत हक्काने शिजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंकेतून फिल्टर काढला. एकावर एक बसणारे दोन स्टीलचे डबे. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड, तिच्यावर हलकी दाबलेली चकती, मग उकळतं पाणी आणि झाकण. आणि मग थांबायचं. अर्क थेंबथेंब खालच्या डब्यात उतरतो, त्याला वीस मिनिटं लागतात, कधी जास्तही. माझ्यासारख्या इन्स्टंट कॉफीवाल्या मुलीला ही वीस मिनिटं म्हणजे शिक्षाच वाटली.

तयार कॉफी तिने टंबलरमध्ये ओतली, टंबलरमधून खालच्या पसरट वाटीत, वाटीतून परत टंबलरमध्ये. या वाटीला डबरा म्हणतात. कोणी दवरा म्हणतात. वरून धार सोडली की साखर विरघळते, फेस येतो आणि जीभ न भाजण्याइतकी कॉफी निवते. मग तिने मान किंचित मागे टाकली आणि टंबलरला ओठ न लावता कॉफी सरळ तोंडात सोडली.

मीही तसंच करायला गेले. अर्धी कॉफी नाकात, अर्धी नव्या कुर्त्यावर.

तेव्हा तिने टंबलरची कड दाखवली. ती बाहेरच्या बाजूला वळवलेली असते. त्यामुळे गरम टंबलर कडेला धरून उचलता येतो आणि धार नेमकी पडते. ओठ लावायचा नाही, कारण भांडं उष्टं होतं. आपल्याकडेही तांब्याने पाणी वरूनच प्यायची शिस्त असतेच की. अगदी तेच.

ही शिस्त आमच्या खोलीत फार टिकली नाही. परीक्षेच्या रात्री एकच टंबलर दोघींत फिरायचा. दुसऱ्या वर्षापर्यंत आम्ही दोघीही त्याला बिनधास्त तोंड लावून प्यायला लागलो होतो. "आजीला मात्र सांगू नकोस हं," एवढंच ती म्हणायची. टंबलर आजीने दिलेला होता.

डब्यात आलेला टंबलर

मार्च 2020. हॉस्टेल दोन दिवसांत रिकामं करा, अशी सूचना आली. तो गोंधळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिला चेन्नईकडे जाणारी मिळेल ती गाडी पकडायची होती. मी तिची पुस्तकं बांधली, तिने माझी भांडी भरली. "पंधरा दिवसांत भेटूच," असं म्हणून आम्ही नीट निरोपही घेतला नाही.

सांगलीला येऊन पेटी उघडली तर आत तिचा टंबलर! डबरा तिच्याकडे, टंबलर माझ्याकडे. आम्ही व्हिडिओ कॉलवर पोट धरून हसलो. पंधरा दिवसांचे महिने झाले. परीक्षा ऑनलाइन झाली, निकाल मोबाइलवर आला, आणि बोलणं हळूहळू वाढदिवसाच्या मेसेजपुरतं उरलं.

मे 2021मध्ये तिचे आजोबा कोविडने गेले. तिने आमच्या ग्रुपवर एक ओळ टाकली होती. मी फोन हातात घेतला. काय बोलायचं ते सुचेना. मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला, परत पुसला. शेवटी हात जोडल्याची इमोजी पाठवली. उद्या फोन करू, असं ठरवलं. तो उद्या आलाच नाही. आठवडा गेला, मग महिना गेला, आणि मग इतका उशीर झाला, की आता कुठल्या तोंडाने फोन करायचा, हाच प्रश्न होऊन बसला. शब्द विकून पोट भरणारी मी. मला माझ्या मैत्रिणीसाठी दोन ओळी लिहिता आल्या नव्हत्या.

टंबलर आमच्या स्वयंपाकघरात रुळला. आई त्याने तांदूळ मोजायची. मी रोज सकाळी त्यातूनच कॉफी प्यायचे. दुसऱ्या कोणी घेतला तर चिडायचे.

दुसऱ्याच्या भांड्यावर एवढा हक्क कसा बसतो? यावर एक गमतीशीर प्रयोग आहे, आणि तोही नेमका कॉफीच्या मगवरच. डॅनिएल काहनेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने तो 1990 साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना मग दिले. उरलेल्यांना विचारलं, हा मग कितीला घ्याल? आणि मग मिळालेल्यांना विचारलं, कितीला विकाल? विकणाऱ्यांची किंमत घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. मग तोच, मुलंही एकाच वर्गातली. फक्त काही मिनिटं 'माझा' म्हणून हातात होता, एवढ्यानेच तो महाग झाला. पुढे या दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, काहनेमन यांना 2002मध्ये आणि थेलर यांना 2017मध्ये.

काही मिनिटांत दुप्पट, तर पाच वर्षांत किती? तरीही 2024च्या दिवाळीत फराळाची भांडी घासून पुसताना तो टंबलर हातात आला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्याचा फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, "हा तुझा आहे. मला माफ कर."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "आजी अजून विचारते. घेऊन ये."

माफ केलं की नाही, ते लिहिलेलं नव्हतं.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही

निघताना आईने टंबलर राखेने घासला. हो, आमच्याकडे अजून राख ठेवतात! मग म्हणाली, "रिकामं भांडं कसं परत देशील?" शेजारून भाजीची वाटी आली तर ती धुऊन, आत निदान चमचाभर साखर घालून परत पाठवायची, हे तुमच्या घरीही असेल. तिने खूप विचार केला आणि टंबलरमध्ये दोन जायफळं टाकून वर रुमाल बांधला. "कॉफीवाली माणसं आहेत ना, मग!" आपल्याकडे कॉफी म्हटली की जायफळ आलंच. पाहुण्यांसाठी, रात्रीच्या जागरणासाठी, दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेली गोड कॉफी. तिच्या दृष्टीने याहून योग्य भेट नव्हती.

कुंभकोणम तंजावरपासून साधारण 40 किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये आहे. गावाच्या नावातच भांडं आहे, कुंभ. प्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ इथे येऊन थांबला, शंकराने बाण मारून तो फोडला आणि अमृत सांडलं तिथे तळं झालं, अशी इथली कथा. ते महामहम तळं गावाच्या मधोमध आहे. त्याच्या काठाने सोळा मंडप आहेत. दर बारा वर्षांनी तिथे आपल्या नाशिकसारखी पर्वणी भरते. मागची 2016मध्ये झाली, पुढची 2028मध्ये आहे.

भांड्यांचं वेड इथे आजही आहे. जवळच्या नाचियारकोविलच्या पितळी समया आणि स्वामीमलैच्या कांस्यमूर्ती नावाजलेल्या आहेत. बाजारात पितळेच्या डबरा-टंबलरच्या चळती रचलेल्या दिसतात. तमिळनाडूच्या हमरस्त्यांवर 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या लावून याच चकचकीत पितळेत कॉफी देणारी दुकानं तुम्ही पाहिली असतील.

या 'डिग्री'चं काय, असं मी तीन जणांना विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एक म्हणाले, दुधात पाणी आहे का ते लॅक्टोमीटरने मोजायचे, डिग्री भरली तरच ते दूध कॉफीला घ्यायचे, म्हणून डिग्री. दुसऱ्यांच्या मते 'चिकोरी' या शब्दाचं बोलता बोलता 'डिग्री' झालं. तिसरे म्हणाले, पुडीवर पहिल्यांदा पाणी ओतून उतरतो तो अर्क फर्स्ट डिग्री, दुसऱ्यांदा उतरतो तो सेकंड. मैत्रिणीचा कौल दुधाच्या बाजूने. "भेसळीवरून भांडायला आमच्या गावाला फार आवडतं," ती म्हणाली.

स्टेशनवर ती न्यायला आली होती. चार वर्षं न बोललेल्या दोन मुली काय बोलतात? "गाडीत झोप लागली का?" "लागली." "थंडी होती का?" "नाही." रिक्षात मी टंबलर मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दोन अक्षरं

आजींनी रुमाल सोडला. आधी जायफळं निघाली. त्या ती नाकाशी धरून म्हणाल्या, "हे कशाला?" कॉफीत घालायला, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी कॉफीत कांदा घालायला सांगितला असावा! मग खदखदून हसल्या. (त्यांचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यांची मराठी कागदावर उतरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.)

मग त्यांनी टंबलर उलटा करून बुडाजवळचं कोरीव नाव बोटाने चाचपलं. भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. लग्नातल्या पातेल्यावर 'मामाकडून सप्रेम भेट', खाली तारीख. आता इलेक्ट्रिक पेनाने झरझर नाव घालतात. पूर्वी बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्याठिपक्याने नाव उठवायचे. या टंबलरवर अशीच ठिपक्यांची दोन तमिळ अक्षरं होती. मला तमिळ वाचता येत नाही. ती आजींच्या नावाची असणार, असं मी धरून चालले होते. मैत्रीण समजत होती, की ती आजोबांच्या आईच्या नावाची असतील.

"माझी नाहीत," आजी म्हणाल्या. "आमच्या घरातल्या कोणाचीच नाहीत."

गोष्ट अशी होती. 1970च्या दशकात त्यांच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहत होतं. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात एकच भिंत. आजी आणि ती शेजारीण, दोघीही नव्याने संसाराला लागलेल्या. तेव्हा स्टीलची भांडी म्हणजे नवलाई. तमिळमध्ये आजही स्टीलला 'एव्हरसिल्व्हर' म्हणतात, कायमची चांदी! पितळेला वरचेवर कल्हई लावावी लागायची, याला काहीच नको. दारावर येणाऱ्या बायका जुने कपडे घेऊन एव्हरसिल्व्हरची भांडी द्यायच्या. आपल्याकडे बोहारीण यायची, तशाच. शेजारणीने लग्नातली एक जुनी साडी देऊन टंबलरची जोडी घेतली होती आणि लगेच नाव घालून घेतलं होतं.

एका सकाळी आजींकडे अचानक पाहुणे आले. फिल्टरमध्ये अर्क नव्हता. नवा उतरायला वीस मिनिटं, आणि सासूबाई आत-बाहेर करताहेत. आजींनी भिंतीवरून हाक मारली. शेजारणीने नवऱ्यासाठी काढून ठेवलेला ताजा अर्क टंबलरभरून तसाच भिंतीवरून दिला.

"तिच्या नवऱ्याने त्या दिवशी दुसऱ्यांदा उतरवलेली पांचट कॉफी प्यायली. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला त्यानेच सांगितलं, पुढे बऱ्याच दिवसांनी."

टंबलर परत द्यायचा, पण रिकामा कसा द्यायचा? आजींनी ठरवलं, शुक्रवारी पायसम करू, तेव्हा भरून देऊ. शुक्रवारी सासूबाई आजारी पडल्या. पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या नवऱ्याची बँकेतली बदली आली, मुंबईला. सामान बांधण्याच्या गडबडीत टंबलर इकडेच राहिला. जोडीतला एक माटुंग्याला गेला, एक कुंभकोणमला राहिला.

"मग पत्रं?"

"यायची की. निळी अंतर्देशीय पत्रं. दर पत्रात लिहायची, माझा टंबलर सांभाळ, न्यायला येते. मी लिहायचे, पायसम तयार आहे, ये." आजी हसल्या. "मग तिची जागा बदलली. एक पत्र माझं परत आलं. मग नाहीच."

चाळीस वर्षं आजींनी सकाळची कॉफी त्याच टंबलरमधून घेतली. घरात दुसरे वीस होते.

"मग मला का दिलास तो?" मैत्रिणीने विचारलं. "एवढा जपलेला, हॉस्टेलवर?"

"तू पुण्याला निघाली होतीस. पुणं मुंबईच्या जवळ, असं तुझे आजोबा म्हणाले. म्हटलं, निदान तिच्या बाजूला तरी जाईल."

खोलीत कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. मी म्हणाले, "आजी, आजोबा गेले तेव्हा मी फोन करायला हवा होता. मी केला नाही."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "ही तीच ना, जिच्याबरोबर तू याला तोंड लावून प्यायचीस?"

मैत्रिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आजींना सगळं ठाऊक होतं! आधी ती हसली, मग मी, आणि मग दोघींनाही रडू आलं.

वेगळा ठेवलेला कप

संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. मी तमिळ इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांच्या एका पुस्तकाविषयी सांगत होते. 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी' हे 2006 सालचं पुस्तक. कॉफी तमिळ घरांत नवी आली तेव्हा तिच्यावरून किती वाद झाले, ती मध्यमवर्गाची खूण कशी बनली, आणि हॉटेलांतून जातीनुसार बसायच्या जागा कशा वेगळ्या असायच्या, हे त्यात आहे. त्यावरून विषय निघाला 'रेट्टै कुवळै'चा. शब्दाचा अर्थ 'दोन पेले'. तमिळनाडूतल्या कित्येक गावांत चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळे पेले ठेवायचे. 1955च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरलं, तरी ही प्रथा पुढे कित्येक वर्षं चालू राहिली आणि तिच्याविरुद्ध कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा लढावं लागलं. आपल्याकडेही बाबा आढावांना 1970च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम चालवावी लागलीच ना.

मैत्रिणीने आजीला सरळ विचारलं, "आपल्याकडे होता का असा टंबलर?"

आजींनी लपवलं नाही. "होता. मागच्या दारी, कट्ट्यावर पालथा. कामाला यायची तिचा. ती स्वतःच धुऊन ठेवायची." थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यावर नाव नव्हतं घातलेलं. घालायचं कोणाला सुचलंही नाही."

मला एकदम सांगलीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. ओट्याच्या खिडकीत एक कान तुटलेला कप असतो. कडेला टवका गेलेला. तो धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. त्या अकरा वर्षं येताहेत. माझ्या दहावीच्या निकालाला त्यांनी पेढे आणले होते. आणि आम्ही त्यांना कान तुटलेल्या कपात चहा देतो. त्यांना गरम कप पदराने धरावा लागतो. "ज्याचा त्याचा कप वेगळा, त्यात काय?" असं मीही म्हणत आले होते.

शेजारणीचा टंबलर आजींनी चाळीस वर्षं वेगळा ठेवला आणि कामवालीचाही वेगळाच ठेवला. एक फळीवर समोर, दुसरा मागच्या दारी पालथा. एक ठेवला तो ती परत यावी म्हणून, आणि दुसरा तिने आत येऊ नये म्हणून. आपल्या घरातल्या कपांकडे मी याआधी असं कधी पाहिलं नव्हतं.

फळीवरची जागा

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी कॉफी केली. मैत्रिणीला तिचा टंबलर, स्वतःला एक साधा. आणि ती दोन अक्षरं असलेला टंबलर त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पाच वर्षांनी तो त्याच्या डबऱ्यात बसला होता.

"हा तुमचा ना?" मी म्हटलं.

"तिचा. पण आता तू आलीस की तुला यातच मिळेल. घेऊन जायचा मात्र नाही," आजी म्हणाल्या. "इथे राहू दे. म्हणजे येशील."

मी ओठ न लावता प्यायचा प्रयत्न केला. या वेळी कुर्ता वाचला.

निघताना हातात काहीच नसल्यासारखं वाटत होतं. येताना तो टंबलर मांडीवर होता. पण हजारेक किलोमीटरवरच्या एका घरात, फळीवर, आता माझी एक जागा आहे. कपाटात कितीही सुंदर मग असले, तरी आपला कप कोणता हे दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात असणं, यातलं सुख वेगळंच. मैत्रिणीच्या घरी गेल्यावर ती न विचारता तुमचा तो निळा कप काढते ना? त्या कपात काहीही ओता, गोडच लागतं.

सांगलीला आले आणि आईला सगळं सांगितलं. जायफळाची फजिती ऐकून ती हसली. मागच्या दारच्या टंबलरचं ऐकून गप्प झाली. मी खिडकीतल्या कपाबद्दल काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा आईने शोकेसमधला टी-सेट खाली काढलेला होता. लग्नातला, सहापैकी चार कप उरलेला, निळ्या फुलांचा. तिने तीन कपांत चहा ओतला आणि एक मावशींसमोर ठेवला, बशीसकट.

मावशींनी आधी कपाकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीकडे. "आज कोण पाहुणं आलंय?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "बसा."

"बसून कसं चालंल, अजून दोन घरं राहिल्यात," असं म्हणत मावशींनी चहा बशीत ओतला, उभ्या उभ्या फुंकर मारून प्यायल्या आणि कप धुवायला सिंककडे वळल्या. आईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. आता रोज त्याच कपात चहा होतो. खिडकीतल्या कपात आईने पुदिना लावला आहे.

आज चहा-कॉफी घेताना तुमच्या घरातले कप एकदा मोजून पाहा. कोणता कोणाचा आहे, कोणाचा परत द्यायचा राहून गेलाय, आणि कोणाचा उगाच वेगळा ठेवलाय? एखादा परत द्यायचा असेल, तर उशीर झाला म्हणून लाजू नका. फक्त रिकामा देऊ नका, एवढंच.